दुसऱ्या देशाची कॅसेट

दोन हजार चार-पाचची गोष्ट. मामाने दुबईहून जुना अमेरिकन व्हिडिओ गेम आणला, पण सोबतची कॅसेट जपानी निघाली. ती खाचेत बसेना. गेमच्या दुकानात नेली, तर दुकानदार म्हणाला, "कॅसेट दुसऱ्या देशाची आहे. चालणारच नाही. नवी घ्या." माझं डोकंच फिरलं. भिवंडीत माझे बाबा कापड विणायचे लूम दुरुस्त करायचे. कुठल्याही कंपनीचा पार्ट कुठल्याही लूमवर बसवायचे; जे अडतं, तेवढंच काढायचे.

घरी येऊन मी खाचेत बॅटरी मारली. आत प्लास्टिकचे दोन दात होते. कॅसेट अडवण्यापलीकडे त्यांना काहीच काम नव्हतं. बाबांच्या पक्कडीने मी दोन्ही उपटले. कॅसेट बसली, टीव्हीवर जपानी अक्षरं नाचू लागली.

दुसऱ्या दिवशी ते दात मी दुकानदाराच्या काउंटरवर ठेवले. म्हटलं, "हा घ्या तुमचा दुसरा देश."