वन्संच्या अळ्या

श्रावणातला रविवार, सकाळ. हजर: माझी मोठी नणंद, म्हणजे वन्सं, आमची मुलं, मुक्ता आणि ओम, आणि मी. आमचे हे गणपतीचा पाट पोचवायला गेलेले. गैरहजर: अळी.

आमच्या वन्संनी अळ्यांचं जेवढं कौतुक केलं, तेवढं सबंध श्रीवर्धनात कुणी जावयाचंही केलं नसेल. शाळेतून निवृत्त होऊन त्या माहेरी राहायला आल्या, त्याच आठवड्यात माझी लोणच्याची मोठी बरणी तोंडाला फडकं बांधून अळ्यांच्या सेवेत रुजू झाली. परसातला कढीलिंब मी फोडणीसाठी लावला होता. एकदा आमटीसाठी डहाळी तोडायला गेले, तर खिडकीतून ओरडल्या, "ती नको गं, तिच्यावर बाळं आहेत!" आमटी तशीच झाली. पाहुण्यांपुढे चहाच्या आधी बरणी येते. सुपारी बघायला आलेल्या व्यापाऱ्याच्या हातात त्यांनी भिंग दिलं, "बघा, कात कशी टाकते." तो बिचारा तासभर अळी बघत बसला आणि सुपारी न बघताच गेला. मुलांना मात्र शिस्त चोख लावली: पान कोवळं द्यायचं, बरणी रोज पुसायची, अळीला बोट लावायचं नाही. दात घासायला मला चार हाका माराव्या लागतात, बरणी पुसायला एकही नाही.

पण मागच्या दोन्ही खेपांना मुलं शाळेत असतानाच फुलपाखरू निघालं. घरी येऊन बघतात तर रिकामं टरफल. सहा वर्षांची मुक्ता म्हणाली, "आत्या, तू खोटारडी आहेस," आणि तिने आत्याजवळ झोपायला जाणंच बंद केलं. वन्सं दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. मग म्हणाल्या, "या खेपेला तुझ्यासमोर निघेल. शब्द देते."

आणि त्या रविवारी नेमकी तीच अळी बरणीतून नाहीशी झाली. फडकं सैल बांधायची पद्धत वन्संचीच. "तिला कोंडल्यासारखं वाटायला नको." मी एकेक खोली वाटून दिली, कपाटं सरकवली. वन्संनी केरसुणीवर बंदी घातली. "चुकून चेंगरली म्हणजे?" घर झाडल्याशिवाय मला चहा जात नाही, तो आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक.

आमच्याकडे घरचा पाट गणपतीच्या कारखान्यात द्यायचा आणि त्याच्यावरच मूर्ती घडवून घ्यायची, अशी रीत आहे. आठवडा संपता संपता कारखान्यातून मूर्तिकारांचा फोन आला. "वहिनी, तुमच्या पाटाच्या खालती कायतरी हिरवं चिकटलाय. खरवडू?"

पाट धुऊन त्या रविवारच्या आदल्या दिवशी पडवीत वाळत ठेवला होता. माझ्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत वन्संनी फोन हिसकावला होता. "खबरदार! विटांवर ठेवा तो पाट. आलेच मी!"

मग कोश बघायला तिघांची रोज संध्याकाळी कारखान्यात फेरी. कोश काळा पडला, तशी त्यांनी मुलांना दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवलंच नाही. चिठ्ठीत कारण लिहिलं, 'फुलपाखरू'. मी ते खोडून 'घरगुती' केलं. कारखान्यात डबा घेऊन गेले तर पाटावर आमचे अर्धे घडलेले गणपती आणि पाटाशी जमिनीवर तिघं पालथी पडलेली. पाट द्यायला आलेल्या एका आजोबांना वाटलं, बाई साष्टांग नमस्कार घालताहेत. त्यांनी चपला काढून हात जोडले.

मूर्तिकार म्हणाले, "आजोबा, नवस न्हाय, अळी हाय."

तेवढ्यात कोश तडकला. ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं आणि पाटाच्या कडेला लोंबत राहिलं. मूर्तिकारांनी उठून पंखा बंद केला. मुक्ता हनुवटी जमिनीला टेकवून बघत होती. वन्सं फुलपाखराकडे बघतच नव्हत्या. त्या मुक्ताच्या तोंडाकडे बघत होत्या.

पंख वाळले आणि ते दारातून नारळींकडे गेलं. मुक्ताने मातीने माखलेला हात आत्याच्या हातात दिला. "आज तुझ्याजवळ झोपू?"

वन्सं पदराने तिचा हात पुसत राहिल्या. ओमच म्हणाला, "झोप की, विचारतेस काय!"

गणपती येऊन गेले. विसर्जनानंतर पाट घरी आला, खालच्या पट्टीला ते रिकामं टरफल अजून धरून. बाकीची कामं झाली. पाट घासून माळ्यावर ठेवायचा आहे. ब्रश घेऊन दोनदा बसले आणि दोन्ही वेळा उठले. पाट अजून पडवीतच उभा आहे.