म्युझियम की समुद्र

मुलीनं हट्टानं आम्हा दोघांना भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर धाडलं. ग्रीसच्या एका बंदराला बोट लागली, तेव्हा उतरून एकच सहल करता येणार होती: जुन्या मूर्तींचं म्युझियम, नाहीतर समुद्रात डुंबणं. मला समुद्र हवा होता.

"नाय," आमचे हे म्हणाले. "पेणला सगळा जन्म गणपती घडवण्यात गेला. दुसऱ्यांचे देव कसे घडवतात ते बघू दे की जरा."

नाश्त्याच्या टेबलावर आमचं असं काही जुंपलं, की वेटर कॉफी ठेवून पळालाच. शेवटी मीच चडफडत म्युझियमला हो म्हटलं.

आत शिरलो तर पहिल्याच देवाला हात नव्हते. दुसऱ्याला नाक नव्हतं. पुढच्या देवीला तर डोकंच नव्हतं, आणि फोटो काढायला सगळ्यात जास्त गर्दी तिच्यापुढे! आमच्या कारखान्यात गणपतीच्या बोटाचा नुसता टवका उडाला तरी गिऱ्हाईक मूर्तीला हात लावत नाही. ह्यांचा चेहरा पार उतरला.

"रिपेअर कधी?" ह्यांनी गाईडबाईंना विचारलं.

रिपेअर करायचंच नाही, हे असंच जपायचं, असं त्या कौतुकानं म्हणाल्या.

ह्यांनी सगळ्या मूर्तींवरून एकदा नजर फिरवली. मग माझ्याकडे वळले. "तुझंच बरोबर होतं गो. समुद्रावरच जायला हवं होतं."

लग्न झाल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी खूश होऊन मान डोलावली.

तेवढ्यात मूर्तींकडे हात करून ते म्हणाले, "ह्या सगळ्यांना घेऊन."