शर्ट धुणारीचं भाकीत

बावीस वर्षं आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाचे शर्ट मी धुतले. मॅच संपली की आमचे मालक सायकलच्या कॅरियरला गाठोडं बांधून घरी यायचे. ते सोडून मी आधी सगळे शर्ट मोरीत पसरायचे आणि एकेक हातात घ्यायचे. नंबर बघितल्याशिवाय एकही शर्ट मी पाण्यात बुडवला नाही. कोपरावर गवताचा हिरवा डाग म्हणजे पोरगं पडलंय आणि उठून परत पळालंय. कॉलरला घामाचं पांढरं मीठ म्हणजे शेवटच्या मिनिटापर्यंत दम टिकलाय. आणि सेंटचा वास तसाच असला, तर हा गडी नुसता लोकांना केस दाखवून आलाय. स्टेडियमवर मी जन्मात पाच-सहा वेळा गेले असेन. पण संघात कोण खेळतंय आणि कोण खेळल्यासारखं करतंय, हे माझ्याइतकं पेठेत कुणाला कळत नव्हतं. आता लाज कसली, सांगून टाकते.

माझं हे कळणं मालकांच्या नावावर चालायचं. हंगामाच्या तोंडावर सरावाचे सामने होतात. त्यांचे शर्ट धुऊन वाळत घातले की मालक गच्चीवर यायचे, कठड्याला टेकायचे आणि इकडंतिकडं बघत विचारायचे, “यंदा कुणाचं दिसतंय?” मी सांगायचे. आपलं न्हाय, पुढचा गडी पळतच न्हाय. किंवा, सेमीफायनलपर्यंत जाईल, त्याच्यापुढं दम न्हाय. ते हूं म्हणून खाली उतरायचे, ज्या तालमीचा हा संघ, थेट तिथं जायचे आणि दुसऱ्या पायरीवर बसून तेच सगळं स्वतःचं म्हणून सांगायचे. बहुतेक वर्षी ते खरं ठरायचं. मग तालमीतली माणसं म्हणायची, बघा, बोलतो थोडं पण नेमकं बोलतो.

मला राग यायचा का? थोडा यायचा. पण त्या माणसाला जगात तेवढी एकच जागा होती. उद्यमनगरात लेथवर उभं राहून त्यांनी तीस वर्षं काढली, तिथं त्यांचं मत कुणी विचारलं नाही. भाऊ वेगळे झाले तेव्हाही विचारलं नाही. तालमीच्या दुसऱ्या पायरीवर मात्र त्यांना यायला उशीर झाला तर जागा मोकळी ठेवलेली असायची. तिथं ते बोलायला लागले की बाकीचे गप्प व्हायचे. माझ्या भाकिताची त्याहून चांगली सोय मला लावता आली नसती.

आमचा एकुलता एक मुलगा त्याच संघात डाव्या बाजूचा बॅक होता. होता म्हणजे नावाला होता. त्याच्या जागेवर एक जुना खेळाडू खेळायचा, तालमीतल्या वजनदार घरातला. पोरगं दोन वर्षं बाकावर बसलं. त्याचा शर्ट माझ्याकडं जसा जायचा तसाच परत यायचा, घडीसुद्धा मोडलेली नसायची. बाकीचे सतरा शर्ट मी धुवायचे आणि हा नुसता झटकून ठेवायचे. आईनं असं किती दिवस करायचं? त्या जुन्या खेळाडूच्या शर्टाला सेंटचा वास यायचा, हेही मलाच माहीत होतं.

माझं माहेर पलीकडच्या पेठेत, चालत दहा मिनिटांवर. फुटबॉलच्या बाबतीत मात्र तो परमुलूख. त्या वर्षी दिवाळीला भाऊबीजेसाठी गेले, तर शेजारच्या गच्चीवर त्यांच्या संघाचे शर्ट वाळत होते. सवयीनं मी जाऊन बघितले. अठराच्या अठरा शर्टांची कोपरं विरलेली. तीन-चार ठिकाणी तर ठिगळं होती. त्याच वेळी मला कळलं की येत्या हंगामात कप इकडं येणार. भाऊ शेजारी उभा होता. तो म्हणाला, “भाच्याला धाड की आमच्याकडं. पयल्या अकरात खेळवतो, बाकावर बसवत न्हाय.”

घरी येऊन मी पोराला एकट्याला गाठलं आणि सांगितलं, नोंदणीच्या दिवशी मामाकडं जा. तो म्हणाला, “आई, बाबा काय म्हणतील?” मी म्हटलं, तू खेळायला लागलास की गप बसतील. हे मी म्हटलं खरं, पण माझा त्यावर विश्वास नव्हता.

आमच्याकडं हंगामाच्या आधी खेळाडूंनी आपापल्या संघाकडून नाव नोंदवायचं असतं. एका पेठेतलं पोरगं दुसऱ्या पेठेत गेलं की ती बातमी त्याच्या आधी घरी पोचते. मालक कामावरून आले ते पायातलं पायताण न काढताच आत आले. “तुझ्या भावानं घात केला,” एवढंच म्हणाले. पोराला शिवी दिली नाही, मलाही काही विचारलं नाही. त्या क्षणी मी सांगायला हवं होतं की भावानं नव्हे, मी. मी शर्ट काढायला गच्चीवर गेले. पुढं वर्षभर मालकांनी माझ्या भावाशी बोलणं टाकलं आणि मी तेही चालू दिलं.

थोड्या वेळानं ते गच्चीवर आले. मी वाळलेले शर्ट गोळा करत होते. नेहमीसारखं इकडंतिकडं न बघता त्यांनी सरळ माझ्याकडं बघून विचारलं, “यंदा कुणाचं?” त्यांचं तोंड उतरलेलं होतं. खरं सांगायचं तर पलीकडच्या पेठेचं, म्हणजे जिथं पोरगं गेलंय त्यांचं, असं सांगावं लागणार होतं. ते माझ्याच्यानं झालं नाही. आधीच एवढं झालंय, आणखी चटका कशाला द्यायचा, असं मनात आलं. मी शर्टाची घडी घालता घालता म्हटलं, “आपलंच. कप यंदा आपलाच हाय.”

बावीस वर्षांत मी त्यांना सांगितलेलं ते पहिलं खोटं.

ते जिना उतरून तालमीत गेले. तिथं काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी टेलरचाचांकडून कळलं. चाचा आमच्या गल्लीतले, संघाचे झेंडे आणि शर्टांवरचे नंबर तेच शिवतात. तालमीत कुणीतरी मालकांना टोमणा मारला होता की, स्वतःचं पोरगं सांभाळता येईना आणि पायरीवर बसून संघाच्या गप्पा मारतो. त्यावर हे उठून उभे राहिले आणि म्हणाले, “पोरगं गेलं तर गेलं. कप आपलाच येतोय. न्हाय आला तर जोतिबाची आन, ही पायरी मी परत चढायचा न्हाय.” सगळी तालीम एकदम खूश. हे म्हणतात म्हणजे येणारच. कुणीतरी चांगभलं म्हणून आरोळीही ठोकली.

चाचा हे मला कौतुकानं सांगत होते आणि मला तेवढी आनच ऐकू येत होती. आमचे मालक जोतिबाचे. लग्न झाल्यावर पहिला गुलाल तिथलाच, मुलाचं जावळ तिथलंच. एक वेळ कोर्टात खोटं बोलतील, पण जोतिबाचं नाव घेऊन बोललेलं मोडणार नाहीत.

तो हंगाम मी कसा काढला ते मलाच माहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. संघ जिंकत जिंकत चालला होता, सेंटवाल्यांनाही त्या वर्षी थोडा जोर चढला होता, आणि प्रत्येक मॅचनंतर मालक गाठोडं टाकून हसत म्हणायचे, “तू म्हणालीस तसंच चाललंय बघ.” मी शर्ट धुवायचे. शर्ट सांगत होते की हे टिकणार नाही. एकदा दोन्ही बाजूंच्या समर्थकांत दगडफेक झाली, तेव्हा एका शर्टाला रक्त लागून आलं. ते गार पाण्यात चोळताना मला वाटलं, खरं आताच सांगून टाकावं, अजून वेळ आहे. वर जाऊन बघते तर हे रेडिओ लावून जुनी गाणी गुणगुणत होते. मी खाली आले.

फायनल आमची आणि माहेरची. मी गच्चीवर होते. कुणी गोल केला हे गच्चीवरून समजतं, ज्या पेठेच्या दिशेनं फटाके वाजतात तिचा गोल. पहिले फटाके आमच्या अंगणातच वाजले. नंतरचे दोन्ही वेळा पलीकडे वाजले. दुसऱ्या वेळी ते थांबेचनात, आणि आमच्या गल्लीतली माणसं एकेक करून घरात जायला लागली. माझ्या पोराला पहिल्यांदा कप मिळाला होता आणि मी कठडा धरून रडत होते.

मालक दिवस मावळायच्या आत आले. तालमीवरून यायचा सरळ रस्ता सोडून मागच्या गल्लीतून आले. गाठोडं माझ्यासमोर ठेवून म्हणाले, “नीट धू. शेवटचं हाय.” मी धुतलं, इस्त्री केली. ते त्यांनी शेजाऱ्याच्या हाती तालमीत पाठवलं. पोरगं गुलालानं माखून घरी आलं, दारात घुटमळलं. त्याला म्हणाले, “आंघोळ कर जा, पाणी तापलंय.” बाकी काही नाही.

त्याला आता तीन वर्षं झाली. पोरगं आणखी एक हंगाम खेळलं, मग पुण्याला कंपनीत लागलं, आता शिफ्टमुळं त्याला रविवारीही सुट्टी नसते. ज्या फुटबॉलसाठी हे सगळं केलं तो त्याच्या फोनमधल्या एका फोटोपुरता उरलाय. मालक कामावरून मागच्या गल्लीनं येतात. मॅच असली की दार-खिडक्या लावून घेतात, फटाके ऐकू आले की पंखा मोठा करतात. तालमीतून पहिल्या वर्षी दोघंतिघं बोलवायला आले, नंतर कुणी आलं नाही. त्या पायरीवर आता एक तरणा बसतो आणि मोबाईलवर आकडे बघून कोण जिंकणार ते सांगतो. साफ चुकतो, पण लोक ऐकतात.

संघाचे शर्ट आता पुढच्या गल्लीत धुवायला जातात. तरी आमच्या गच्चीवरून त्यांची दोरी दिसते. या वर्षी सरावाच्या सामन्यांनंतर मी रोज बघत होते. सेंटवाले गेले. नवी पोरं आलीत, कुणी वाघासारखी नाहीत, पण सगळी पडतात आणि सगळी उठतात. सगळ्यांची कोपरं विरलीत. माहेरच्या संघातले तिघं चांगले खेळाडू फुटून दुसरीकडं गेलेत. तिसऱ्या एका पेठेचा संघ बरा आहे, पण त्यांचा गोलकीपर भित्रा आहे असं ऐकते. माझं तोलून झालं. यंदा कप आमच्या पेठेत येणार. अशा वर्षाची वाट बघत या माणसानं बावीस वर्षं गाठोडी वाहिली, आणि आता ते वर्ष आलं तर हा पंखा मोठा करून घरात बसणार.

गेल्या आठवड्यात टेलरचाचा स्वतः आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, जिने चढून धापा टाकत होते. म्हणाले, “चल की मर्दा. यंदा पोरं चांगली हायत. तुझ्याबिगर पायरी ओकीबोकी वाटती.”

“आन घेतलीया चाचा,” मालक म्हणाले.

चाचांनी चहा घेतला आणि ते गेले. ते उतरताना मालक कितीतरी वेळ जिन्याकडं बघत होते. मला ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ते दाढी करत असताना, मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले आणि सगळं सांगितलं. पोराला मीच पाठवलं, भावाचा दोष नव्हता. माहेरचे शर्ट बघितले होते, कप तिकडं जाणार हे मला माहीत होतं. “त्या दिशी गच्चीवर मी खोटं बोललो हुतो. तुम्ही माझ्या शब्दावर आन घेतली, आणि शब्दच खोटा हुता. मग आन कसली? जावा तालमीत. यंदा आपलंच हाय, खरंच हाय.”

मला वाटलं होतं ते भडकतील. मी त्याची तयारी ठेवली होती. भडकले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वस्तरा धुतला, तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघितलं.

“आणि त्येच्या आधीचं?” त्यांनी विचारलं.

“त्येच्या आधीचं सगळं खरं.”

“कशावरनं?”

बावीस वर्षांत धुतलेल्या शर्टांचा पुरावा कुठून आणू? डाग काढणं हेच तर माझं काम होतं.

“तालमीत मी तुझा शबुद माझा म्हणून सांगितला,” ते म्हणाले. “म्हणजे मी तिथं काय सांगत हुतो, ते मलाच ठावं न्हाय म्हण की.”

तालमीत ते गेले नाहीत. काल पहिली मॅच होती. सकाळी त्यांनी पेपर उघडला आणि यंदा कोण जिंकेल यावर कुणी लिहिलं होतं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं, सावकाश, मध्ये थांबून समजावत, फुटबॉल कशाशी खातात हेही जिला माहीत नाही अशा बाईला सांगावं तसं.