बाबांचे शेरे

ज्या कंपनीकडे माझा ब्लॉग होता ती गाशा गुंडाळायला निघाली, म्हणून मी बारा वर्षांचं लिखाण उचलून दुसऱ्या कंपनीकडे नेलं. बटण दाबलं, चहा प्यायले, तोवर लेख पोचले. शीर्षकं मोजली, बरोबर भरली. मग घरच्या रीतीने जुना ब्लॉग बुडवला, म्हणजे कायमचा पुसून टाकला. बाबा काशीत दशाश्वमेध घाटावर पुरोहित. यजमानांच्या वंशावळीची बही जीर्ण झाली की ते नवी उतरवून काढतात आणि जुनी गंगेला देतात. म्हटलं, आपणही तेवढं पुण्य पदरात पाडून घ्यावं.

संध्याकाळी बाबा मोबाईल घेऊन आले. "माझं लिहिलेलं कुठंय?"

माझा एकमेव नेमाचा वाचक म्हणजे बाबा. प्रत्येक लेखाखाली त्यांचा शेरा. 'बालाजी घाटाच्या पायऱ्या न मोजता ठोकून दिलंयस.' 'दुसरा परिच्छेद फालतू.' नव्या जागी लेख तेवढे आले होते, शेरे जुन्या ब्लॉगबरोबर बुडाले.

"अगं, बहीतलं यजमानाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं पान आपण बुडवतो का कधी?" बाबा म्हणाले. "दीमक लागून चाळण झाली तरी जपून ठेवतो. आपण लिहिलेलं तेवढं गंगेत जातं. अर्धी रीत शिकायची आणि चालली ब्लॉग हलवायला."

मला रडूच आलं, पण ते पायऱ्यांसाठी नव्हे. नवऱ्याला सोडून मी ब्रह्मा घाटावर माहेरी परत आले तेव्हा बाबा घरात त्यावर अवाक्षर बोलले नाहीत. आजतागायत नाहीत. मी त्यावर लेख लिहिला, त्याखाली मात्र त्यांनी लिहिलं होतं, 'बरं केलंस. घर तुझंच आहे.' बस, एवढंच. वाईट दिवशी मी ते उघडून वाचायचे.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी शेरे आठवून सांगायचे आणि मी ते टाइप करायचे असं ठरलं. म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःला शिव्या. म्हातारा एक विसरला असेल तर शपथ. चौथ्या दिवशी तो लेख आला.

"इथे काही लिहिलं होतं मी?"

"आठवत नाही," मी म्हटलं. मागून घ्यायचं नव्हतं मला.

बाबांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला. चष्मा कपाळावर चढवून एका बोटाने बराच वेळ टिपत बसले, मग मोबाईल परत दिला आणि संध्येला उठून गेले.

'बरं केलंस. घर तुझंच आहे. दुसरा परिच्छेद फालतू.'