बसमध्ये न चढलेल्या चौदाजणी

फोन आला तेव्हा सकाळचे सहा वाजून गेले होते आणि मी बारामतीत घरी दाढी करत होतो. पलीकडे मंगल होती.

"सायेब, बस भरून गेली. आमी चौदाजणी हितंच हाय."

"इथंच म्हणजे कुठं?"

"निमगाव केतकीच्या स्टॉपवर. डायवर म्हनला, उभं कुनाला घ्यायचं न्हाय. वरून ऑर्डर हाय."

ती वरची ऑर्डर म्हणजे सेफ्टीचं सर्क्युलर. त्याच्याखाली सही माझी. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी तिलाच विचारलं, "मग आता काय करायचं?" खरं म्हणजे हा प्रश्न तिनं मला विचारायचा होता.

मी तेव्हा लोणी देवकरच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत टाइम ऑफिसचा इन्चार्ज होतो. कोण किती वाजता आलं, कोणाला लेट मार्क, कोणाची रजा, ही सगळी नोंद म्हणजे टाइम ऑफिस. स्टाफ बसही माझ्याच गळ्यात. आमची कंपनी गाड्यांच्या वायरिंगचे हार्नेस करायची. हार्नेस म्हणजे गाडीच्या आतला वायरींचा गुंता, नीट बांधून, क्लिपा लावून तयार केलेला. हे काम बायकांच्या हाताचं. त्यातही मंगलची नजर अशी की मशिननं पास केलेला पीस ती बाजूला काढायची आणि बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं. निरवांगीजवळच्या एका वस्तीवर तिचं सासर. नवरा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर. ती ट्रेनी होती, कायम व्हायला चार महिने राहिले होते. अट एकच, हजेरी चोख आणि लेट मार्क तीनच्या आत. तिच्या सासऱ्यांना सून शेतात हवी होती. "एकदा परमनंटचं लेटर दावलं की आबा गप बसत्याल," असं ती लाइनवर सगळ्यांना सांगायची.

आता बस का भरून गेली ते सांगतो. पहिल्या शिफ्टला आमच्या बाजूने दोन बस यायच्या. एक बारामतीहून, पन्नास सीटची. दुसरी निरवांगीहून, चाळीस सीटची, वाटेतली गावं घेत घेत. दोन्ही बसच्या दारात कार्ड मशिन होतं. चढताना कार्ड लावायचं, मशिन मोजायचं. त्यावरून मी दर महिन्याला ऑक्युपन्सी काढायचो, म्हणजे शंभरातल्या किती सीट भरल्या.

निरवांगीच्या बसला सकाळी छत्तीसजण असायचे. दुपारी परत जाताना आठ. माझ्या शीटमध्ये हे दोन वेगळे कॉलम होते. मग आमच्याकडे नवीन प्लँट हेड आले. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचे, आवाज चढवायचे नाहीत, शिपायालाही अहोजाहो करायचे. पण कागद लांबला की त्यांची चुळबुळ सुरू व्हायची.

"जगताप, एका रुटला मला एकच आकडा द्या. एवढे कॉलम घेऊन मी काय करू?"

मी दिला. छत्तीस आणि आठ, सरासरी बावीस. चाळीस सीटमध्ये बावीस, म्हणजे पंचावन्न टक्के. बारामतीच्या बसला जाता-येता अठ्ठावीस, म्हणजे छप्पन्न टक्के. स्वच्छ, सुटसुटीत, एका पानावर.

मीटिंगमध्ये साहेबांनी पेनाने बेरीज केली. "अठ्ठावीस अधिक बावीस किती?"

"पन्नास."

"आणि बारामतीची बस केवढी आहे?"

"पन्नास सीटची."

"मग दुसरी बस आपण कोणासाठी चालवतोय?"

सगळे हसले. मीही हसलो. नंतर धीर करून म्हणालो, "साहेब, सकाळी माणसं जास्त असतात."

"ते ॲव्हरेजमध्ये आलंच ना?"

"आलंय."

"मग झालं."

आणि खरंच झालं. निरवांगीची बस बंद. त्या बाजूच्या लोकांनी आपापलं निमगाव केतकीपर्यंत यायचं, तिथं बारामतीची बस त्यांना घेईल. सकाळचे छत्तीस आणि अठ्ठावीस मिळून चौसष्ट होतात, हे कळायला कोणी विद्वान लागत नाही. आकडा माझ्या लॅपटॉपमध्ये होता. पण मीटिंगमध्ये साहेबांसमोर दुसऱ्यांदा तोंड उघडणं मला जमलं नाही. मला तेव्हा वाटलं, करतील ॲडजस्ट.

पहिल्या दिवशी मी कंपनीची जीप पाठवून दोन फेऱ्यांत त्या चौदाजणींना आणवलं. चौदा लेट मार्क पडले. साहेब म्हणाले, एकदा माफ केलं की रोजचं होतं.

रोज मागं राहायच्या त्या निरवांगीकडच्याच. सगळ्यात लांबून यायच्या, म्हणून सगळ्यात शेवटी पोचायच्या. तोवर जवळच्या गावांतल्या बायकांनी खिडकीतून डबे आत टाकून सीट धरलेल्या असायच्या. बस सुटली की अशांनी वडाप, म्हणजे सीटमागे पैसे घेणारी खासगी जीप बघायची, इंदापुरात उतरून दुसरी धरायची. कंपनीच्या गेटवर यायला साडेसात, पावणेआठ. शिफ्ट सातची.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा शिफ्ट सुटताना गेटबाहेर जाऊन उभा राहिलो. चार वर्षं मी परतीचा तो आठचा आकडा शीटमध्ये भरत होतो. बाकीच्या जातात कुठं, हे एकदाही विचारलं नव्हतं. बाहेर तीन पिकअप उभ्या होत्या. बायका सरळ त्यात चढल्या.

"कुठं निघालात?" मी मंगलला विचारलं.

"इरळणीला. द्राक्षाच्या बागंत. दोन-अडीच तास काम करायचं, मग मुकादम घरापतूर सोडतो." तिनं कात्री दाखवली. घडातले जास्तीचे मणी कापून काढायचे, म्हणजे राहिलेले मोठे होतात, ती विरळणी. "द्राक्षं झाली की डाळिंबं. तुमास्नी म्हाईत न्हवतं व्हय?"

नव्हतं. मी तसाच आत साहेबांकडे गेलो.

"म्हणजे परतीला त्यांना बस नकोच आहे," साहेब म्हणाले.

"परतीला नको. सकाळी हवी आहे."

"रोज किती बायका मागे राहतात?"

"पहिल्या दिवशी चौदा."

"आणि काल? परवा? डेटा आहे?"

डेटा नव्हता. जो चढतो त्याला मशिन मोजतं. जो चढला नाही त्याची नोंद कुठंच होत नाही.

"महिनाभर मोजा," साहेब म्हणाले. "आकडे घेऊन या. खरंच गरज असेल तर मी स्वतः बस सुरू करीन."

त्यांनी हे मनापासून म्हटलं होतं, यावर माझा आजही विश्वास आहे. मला तर हुरूपच आला. मोजणार कोण? मी मंगलला सांगितलं, बस सुटली की स्टॉपवर किती राहिल्या तो आकडा मला व्हॉट्सॲपवर टाकत जा. नीट मोज, अंदाजे नको. महिन्यात बस परत आणतो. "टाकते की," ती म्हणाली. एवढा भरवसा माझ्यावर माझ्या घरच्यांनीही कधी टाकला नसेल.

आकडे रोज यायचे, नियमाने. पहिल्या आठवड्यात चौदा, चौदा, तेरा. मी खूश होतो. केस मजबूत होत होती.

दुसऱ्या आठवड्यात नऊ झाले. तिसऱ्यात पाच. दोघींनी कंपनी सोडून बागेचं काम पूर्ण दिवस धरलं होतं. एकीला घरच्यांनी, रोजची ओढाताण बघून, बस झालं म्हणून सांगितलं. बाकीच्या एकेक करून यायच्या थांबल्या. कोणी भांडलं नाही, अर्ज दिला नाही. कार्ड पंच होणं बंद झालं, एवढंच.

मी ग्राफ घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी खाली उतरणाऱ्या रेघेवरून बोट फिरवलं. "बघा, प्रॉब्लेम आपोआप कमी होतोय. लोक ॲडजस्ट होतात, जगताप."

"साहेब, त्या नोकरी सोडतायत."

"बसमुळे सोडतायत, असं कोणी लिहून दिलंय?"

नव्हतं दिलं. आमच्या फॉर्ममध्ये कारणांची यादी होती. लग्न, आजारपण, शिक्षण, घरगुती. बस हे कारण त्यात नव्हतं. ती यादीही मीच केली होती.

चौथ्या आठवड्यात एका सोमवारी मेसेज आला, "एक." मी फोन लावला.

"कोण राहिलं आज?"

"मीच की सायेब. दुसरं कोन उरलंय?"

"अगं, पण आता तर तुला जागा मिळायला हवी. नवरा मोटरसायकलवर सोडतो ना वेळेवर?"

"सोडतो की. पर किती ऱ्हायल्या ते समद्या चढल्याबिगर कसं कळनार? मोजून हुईस्तवर दार लागतं."

महिनाभर ती रांगेत सगळ्यात मागे उभी राहत होती. नीट मोज, असं मी सांगितलं होतं म्हणून. रोज वडापने यायची, रोज लेट मार्क घ्यायची, आणि तो मार्क संध्याकाळी मीच सिस्टिममध्ये टाकायचो. नाव वाचून टाकायचो. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

"उद्यापासून मोजू नको," मी म्हणालो. "आधी चढ."

"आता चढून काय उपेग? परवा सुपरवायझरनं सांगितलं, कायमच्या यादीतनं नाव काडलं. लेट मार्क लई झालं म्हनं." मग तिनं विचारलं, "आकडं झालं का सायेब पुरं? बस येतीया का?"

मी म्हणालो, बघतो. खोटं बोललो.

मंगळवारी मेसेज आला नाही. गेटवर तिचं कार्डही पंच झालं नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. महिन्याचा रिपोर्ट करताना ती शेवटची घरं रिकामी राहिली. साहेब म्हणाले, ब्लँक ठेवू नका, मॅनेजमेंट विचारते. मी शून्य टाकलं.

रिव्ह्यूमध्ये पडद्यावर दोन ओळी होत्या. बस ऑक्युपन्सी, छप्पन्नवरून शहाऐंशी टक्के. स्टॉपवर राहिलेले कर्मचारी, महिनाअखेर शून्य. कोणीतरी टाळी वाजवली. साहेबांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं आणि तो विषय बंद केला. दोन्ही आकडे बरोबर होते. आजही कोणी ऑडिट केलं तर बरोबरच निघतील.

आता मी रिटायर झालोय. बारामतीत एका कॉलेजात मॅनेजमेंटच्या पोरांना कधीमधी लेक्चर देतो. त्यांना सांगतो, वाईट गोष्टीचा आकडा खाली यायला लागला की आधी फोन उचला आणि विचारा, माणसं कुठं गेली. पोरं वहीत लिहून घेतात. मंगलचा नंबर माझ्याकडे होता. त्या मंगळवारी तो लावायला मला एक मिनिट लागलं असतं. मी लावला नाही. ती काय विचारेल, ते मला माहीत होतं.