बिननावाचा पेला

शिवाजीनगरात भाग्यलक्ष्मीच्या घरी प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव कोरलेलं होतं. एकच पेला बिननावाचा. तो खिडकीबाहेरच्या फळीवर पालथा असे. गल्ली झाडणारी पवित्रा रोज त्यातून कॉफी पिई आणि स्वतःच विसळून ठेवी. ही रीत सासूची. सासू जाऊन नऊ वर्षं झाली, पेला तिथेच राहिला.

गेल्या आठवड्यात पवित्राने लेकीच्या साखरपुड्यासाठी मराठा समाजाचं सभागृह मागितलं. कमिटी म्हणाली, तारीख नाही. पण सभागृहाच्या फळ्यावर तारीख मोकळी होती, भाग्यलक्ष्मीने स्वतः पाहिलं होतं.

"मी अण्णाला सांगते. आमच्या अण्णाच्या शब्दाबाहेर कमिटी नाही," तिने पवित्राला वचन दिलं.

अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ प्रतापराव, माजी नगरसेवक. यंदा पुन्हा उभा राहणार होता. 'भेदभाव करणाऱ्याची गाठ माझ्याशी आहे,' असं मागच्याच महिन्यात चौकात गरजला होता.

आज कमिटीच्या सभेला जाताजाता तो चार कार्यकर्त्यांना घेऊन कॉफीला आला. पेले कमी पडले. गडबडीत तिचा हात खिडकीबाहेर गेला.

"पवित्राचं बोलशील ना रे?"

"बघू गं. निवडणूक तोंडावर आलीय. उगाच कमिटीला कशाला दुखवायचं?"

"चौकात तर वाघ झाला होतास!"

कार्यकर्ते हसले. प्रतापरावाने पेला फिरवला. पेल्यावरचं नाव वाचायची त्याला लहानपणापासूनची खोड. "नाव नाही याच्यावर. कुणाचा?"

भाग्यलक्ष्मीने खिडकीबाहेरच्या रिकाम्या फळीकडे पाहिलं. "पवित्राचा," ती शेवटी म्हणाली.

त्याने अर्धी कॉफी तशीच टाकली. "आधी स्वतःचं घर बघ. मग मला शिकव."

पायऱ्या उतरताना त्याची पावलं मात्र हलकी वाजली, सुटल्यासारखी. भाग्यलक्ष्मी गोंधळली. आपलं चुकलंच, पण म्हणून त्याने गप्प बसायचं? मतं तर त्याने मागितली होती, तिने नाही. मग लाज तिलाच का वाटत होती?

तेवढ्यात पवित्रा आली. भाग्यलक्ष्मीने तिला कॉफी दिली ती स्वतःचं नाव कोरलेल्या, लग्नातल्या पेल्यातून.

पवित्रा मागे सरली. "नको अक्का, माझाच द्या. हा हरवला तर माझ्यावर येईल." मग हळूच, "अण्णा बोलतील ना?"

"सभा अकराला आहे," अण्णाने ठेवलेला पेला उचलत भाग्यलक्ष्मी म्हणाली. हो म्हणावं की नाही, तिला कळेना. तिने चपला पायात सरकवल्या आणि सभागृहाकडे निघाली. कोपऱ्यावर गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, अण्णाचा उष्टा, बिननावाचा पेला हातातच राहिलाय.