अमेरिकेत गेलेली चाल

लेक तान्ही असताना बायकोची हॉस्पिटलात शिफ्ट ड्यूटी असायची, त्यामुळे पोरीला झोपवणं माझ्याकडे. मला गाता येत नाही, म्हणून मी माउथ ऑर्गन वाजवायचो. वाजवता वाजवता एक चाल जमून गेली. तिला ना शब्द होते, ना नाव. मस्कतमधल्या अल खौदच्या आमच्या दोन खोल्यांबाहेर ती कुणी ऐकली नव्हती.

मी काम करतो त्या प्लांटवर समुद्राचं पाणी गोडं करतात. तिथे एक अमेरिकन इंजिनिअर होता. गिटारवर त्यांच्याकडची कंट्री गाणी म्हणायचा. एका शुक्रवारी स्टाफ मिळून किनाऱ्यावर गेलो होतो, तिथे मी ती चाल वाजवली. त्याने पुन्हा वाजवायला लावली, फोनवर रेकॉर्ड करून घेतली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पुढे त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि तो गेला.

लेक नववीत असताना गाडीत इंग्रजी रेडिओवर ती चाल लागली. आवाज त्याचा. शब्द ट्रकचे, गावाकडच्या रस्त्याचे. निवेदिका म्हणाली, अमेरिकेत कंट्रीच्या चार्टवर हे पहिल्या नंबरला पोचलंय. मी अल मवालेहच्या मार्केटला निघालो होतो, तो भाजी न घेताच परतलो.

बायको म्हणाली, लिही त्याला. लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं की ओमानची फार आठवण येते, घरच्यांना गाणं ऐकव. चालीबद्दल अक्षर नाही. एका मुलाखतीत तो सांगत होता, मस्कतच्या किनाऱ्यावर एकटाच बसलो होतो, तेव्हा सुचली.

मग मी लेकीला माउथ ऑर्गनवर वाजवून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाबा, तू हे कॉपी केलं ना?"

तू पाळण्यात होतीस तेव्हापासूनचं आहे, म्हटलं. तिला काही आठवत नव्हतं. मी बायकोकडे बघितलं.

"चाल हीच होती का, मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "मी ड्यूटीवर असायचे."

दोघींपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं, आणि राग धरायलाही कुणी उरलं नाही.

शाळेच्या कार्यक्रमात लेकीने तेच गाणं निवडलं. म्हटलंही सुरेख. शेजारच्या खुर्चीवरचे एक पालक माझ्याकडे वाकून म्हणाले, "अमेरिकेत एक नंबरला आहे हे, माहितेय?"

"ऐकलंय," मी म्हणालो, आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.